ओटीत गेलेलं निळं कापड

शुक्रवार, संध्याकाळ

अजून डोकं तडकलेलंच आहे. जपानमधल्या शाळेतली शिक्षिकेची नोकरी सोडताना माझ्या वर्गातल्या मुलांनी निरोपाला एक निळं कापड दिलं होतं. स्वतः रंगवलेलं, त्यावर जपानी लिपीत प्रत्येकाचं नाव. बुजऱ्या युकीचं सगळ्यात बारीक. देणाऱ्यासमोर भेट उघडायची नाही ही तिथली रीत, म्हणून विमानात उघडलं आणि हमसून रडले.

ते कापड सासूबाईंनी दामलेकाकूंच्या ओटीत घातलं! वर म्हणतात, "कपाटात घडी घालून होतं, मला वाटलं ब्लाउजपीस. आता ओटीतलं परत मागणार आहेस का?"

नाही मागितलं. मागत नाहीत म्हणे. शिवाय ओटीतले ब्लाउजपीस शिवतं कोण? ते या घरातून त्या घरात फिरतात, तसं हेही येईल फिरत माझ्याकडे, अशी स्वतःची समजूत घातली. मूर्ख मी!

आज कसबा पेठेत काकू समोरून आल्या. अंगात तेच निळं कापड. नेमकं हेच शिवलं!

"नक्षी किती वेगळी आहे, नाही?"

नक्षी? अहो, मुलं आहेत ती माझी! पण तोंडातून निघालं काय, तर "छान बसलाय हो ब्लाउज."

युकी उजव्या बाहीवर होती. शिवणीत अर्धी कापलेली.