वळण संपल्यावर थांबायचं

४ मार्च, बुधवार

अक्षर बघा कसं आलंय, कोंबडीचे पाय! पण लिहिल्याशिवाय चैन पडायचं नाही.

जावयाचा उजवा हात मनगटात मोडला. पोलिसांनी मोडला. माझ्या डोळ्यांसमोर.

सकाळची शिकवणी होती. गाडी आमच्या ड्रायव्हिंग स्कूलची, छतावर पाटी, पाटीवर हातभर अक्षरात 'शिकाऊ'. जावई चालवत होता, मी शेजारी. छान चालवत होता — आणि उगाच कौतुक करायची मला सवय नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मागे पोलिसांच्या गाडीचा दिवा लागला, भोंगा वाजला. त्यानं अगदी मी शिकवलं तसंच केलं. आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, वेग कमी केला आणि वळण संपेपर्यंत गाडी पुढे नेली. वळणावर थांबायचं नाही! हे मी प्रत्येकाच्या डोक्यात ठोकून ठोकून बसवते. वळण संपलं, कडेला रुंद जागा आली, तिथं त्यानं अलगद थांबवली. मग हँडब्रेक ओढायला हात खाली नेला. तेही माझंच शिक्षण.

तेवढ्यात दार उघडलं. दोघांतल्या थोरल्या पोलिसानं कॉलरला धरून त्याला ओढलं. पट्टा लावलेला, तो निघेना. पट्टा सोडवायला हात गेला तर "हात वर! हात वर कर!" खाली पाडला, पाठीवर गुडघा, हात मागे पिरगळला. मोडल्याचा आवाज मी गाडीत बसून ऐकला. "पळतोस काय? तुम्ही लोक सगळे सारखेच!" आणि हा खालून सांगतोय, "साहेब, वळण होतं... वळण होतं हो..."

दुसरा पोलीस, पोरगेलासा, माझ्या खिडकीशी आला. "मावशी, तुम्हाला काही केलं नाही ना यानं?"

म्हटलं, "अहो, जावई आहे माझा!"

त्यानं माझा गोरा चेहरा पाहिला, मग मातीत पडलेला माझा काळा जावई पाहिला, मग पुन्हा मला. त्याचा विश्वासच बसेना.

५ मार्च

डोळ्याला डोळा नाही.

७ मार्च

वर गुन्हा त्याच्यावरच! पळून जायचा प्रयत्न केला, पोलिसांवर हात उगारला. जामिनावर घरी आलाय, पण सिद्ध झालं तर तुरुंग. कवळ्या बनवणारा माणूस, ज्याचा आवाज घरात चढलेला मी कधी ऐकला नाही! माझे पुढचे दोन दात त्याच्याच हातचे आहेत. लोकांना सांगितल्याशिवाय कळत नाहीत. आता प्लॅस्टरमधून बाहेर आलेली बोटं सुजलीत, चमचासुद्धा धरता येत नाही.

लेक म्हणाली, "आई, तू होतीस ना तिथं. तू सांग."

सांगणारच. न सांगायला काय झालं? पण मला एका जागी बसवत नाही. ओटा तीनदा पुसला.

१० मार्च

थोरला पोलीस स्कूलच्या ऑफिसात आला होता. काय गोड बोलणं! "तुमच्या काळजीपोटीच झालं हो सगळं. तुम्ही घाबरलेल्या दिसलात." मी त्याला बसा म्हटलं नाही. उभ्याउभ्याच बोलून गेला.

१२ मार्च

आज कॉलेजातली मुलगी शिकायला होती, आमच्यातलीच, गोरीपान. तेच वळण. आणि बयेनं गाडी बरोब्बर वळणाच्या मधोमध बंद पाडली! मागून पोलिसांची गाडी. पोलीस उतरला (वेगळा होता), खिडकीत वाकला, हसला. "सावकाश शिका, घाई नाही." आणि मागची वाहनं थांबवून आम्हाला वाट करून दिली!

मी त्या पोरीवर अशी खेकसले की ती रडायला लागली. तिचा बिचारीचा काय दोष? राग कोणाचा आणि काढला कोणावर.

१४ मार्च

जावयाला डबा द्यायला गेले. लेक कामावर होती. तो म्हणाला, "आई, एक बोलू? राग मानू नका." मग म्हणाला, "बाबांनी मला लहानपणीच शिकवलं होतं. मागे दिवा दिसला की असशील तिथं थांबायचं. हात स्टिअरिंगवर. सांगेपर्यंत हलायचं नाही. आमच्यात सगळ्यांना शिकवतात."

"मग तसं का नाही केलंस रे?"

"तुम्ही शेजारी होता. म्हटलं, आईंचं ऐकावं."

मी डबा तिथंच ठेवून निघाले. अर्ध्या गावाला गाडी शिकवली मी, आणि घरच्या माणसाला काय शिकवायला हवं होतं ते मलाच माहीत नव्हतं! रस्ताभर मोठ्यानं बोलत होते स्वतःशी.

१८ मार्च

वकीलबाईंकडे गेलो होतो, मी आणि लेक. पोलिसांच्या गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण मिळालंय. वकीलबाई खूश. इंडिकेटर स्पष्ट दिसतो, वेग दिसतो. "आता त्यांच्याकडे एकच मुद्दा उरला, की शेजारची बाई त्याला घाबरली होती."

मग वकीलबाईंनी चित्र मागे नेऊन पुन्हा दाखवलं. मागच्या काचेतून आमची दोन डोकी दिसतात. दिवा लागतो, आणि त्यातलं एक डोकं हळूच बाजूला सरकतं. दाराला चिकटतं. ते माझं. गाडी अजून चालूच आहे, पोलीस अजून उतरलेसुद्धा नाहीत!

"हे ते दाखवणारच. का सरकलात?"

"आठवत नाही," म्हटलं.

आठवतं. जिना उतरताना लेकीनं नेहमीसारखा माझा हात धरला नाही.

१९ मार्च

शिकवण्या रद्द केल्या. घरात येरझाऱ्या. नुसतं 'नाही, घाबरले नाही' म्हटलं तर चालेल का? का सरकले हे ते कोर्टात विचारणारच. पट्टा टोचत होता म्हणू? कोण विश्वास ठेवणार!

२३ मार्च

जावई सुटला!

पोलिसांच्या वकिलानं चित्र दाखवून विचारलंच, "जावयाला घाबरूनच सरकलात ना?" मी म्हटलं, "नाही. दिवा लागताक्षणीच मला कळलं होतं की मार बसणार, आणि तो त्याला बसणार, मला नाही. म्हणून मी बाजूला झाले."

न्यायाधीशांनी ते शब्दन् शब्द लिहून घ्यायला लावलं.

बाहेर जावयानं डाव्या हातानं नमस्कार केला. लेक माझ्याकडे न बघता त्याला गाडीत बसवून घेऊन गेली. मी रिक्षानं घरी आले.