मिशीवरची जाळी

पिंपळगाव बसवंत

अहो,

मायना लिहिण्याइतका राग अजून निवलेला नाही, म्हणून नुसतं अहो.

बाहेरच्या देशातला स्वस्त बेदाणा आला आणि तुमची तासगावची शेड बंद पडली, याचं मलाही वाईट वाटतं. पण फोनवर परदेशी व्यापाराला शिव्या घालताना एवढं ध्यानात ठेवा, मी इथं पॅकहाऊसमध्ये भरते ती द्राक्षंही परदेशातच जातात. तुमच्या घरची चूल त्यावरच पेटते.

काम सुटलेल्यांना इथं कोल्ड स्टोरेजची मशिनं शिकवतात, शिकताना पगारही देतात. तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी मिशीवर जाळी बांधायला सांगितली म्हणून तासगावची गाडी पकडलीत. मालात काच जाऊ नये म्हणून मी लग्नातल्या बांगड्या उतरवल्या, तेव्हा घराची अब्रू गेली नाही, आणि तुमची मिशी झाकल्यानं जाते?

आईंचा गुडघा कसा आहे? त्यांना पाणी भरायला लावू नका.

तुम्ही फेकलेली जाळी मी धुऊन ठेवली आहे. सोमवारी गेटवर या. नाही आलात, तर शिकणाऱ्यांच्या यादीत तुमच्या जागी माझं नाव लावायला मी तिथं शिकवणाऱ्या मॅडमना सांगून आले आहे.

चिडलेली, तरीही तुमचीच,
कांचन