चिल्लरचा कोपरा

बाबा,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. तुम्ही गेल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मच्छीमार सोसायटीने गावतलाव साफ करायचा ठराव केला.

२. मशीन आठ दिवस चाललं. तळाचा गाळ आणि त्यात उगवलेलं सगळं काठावर येऊन पडलं. तुम्ही राखलेला गवताचा कोपराही.

३. मशीन यायच्या आदल्या दिवशी मी त्या कोपऱ्यातून अकरा मासे बादलीत घालून घरी आणले. शेपटीजवळ काळा ठिपका असलेले, बोटाएवढे. बाजारात ज्यांना वेगळं नाव नाही, नुसतं चिल्लर म्हणतात, ते.

४. पावसाळ्यानंतर तलावात जाळं पडलं, तेव्हा त्यात तसा एकही मासा नव्हता. पुढच्या वर्षीही नव्हता.

५. माझ्या काचेच्या टाकीत आज चार उरले आहेत.

टाकी चार फूट लांब आणि दीड फूट उंच आहे. ती समोरच्या खोलीत, तुमची खाट होती तिथे ठेवली आहे. साकोलीला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, तीही तुमच्यानंतरच. शिकत असताना मी वर्षभर तलावाचं पाणी मोजत होते, ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही डोंगा वल्हवायचात आणि मी बाटल्या भरून चिठ्ठ्या लावायचे. ती वही अजून आहे. तिच्यातल्या आकड्यांवरून मी टाकीतलं पाणी जुळवलं. आम्लता, क्षार, विरघळलेला प्राणवायू, महिन्यागणिक तापमान. तळाला आपल्याच तलावाची माती आहे. शेजारच्या गावच्या बोडीतून, त्या लहानशा तळ्यातून, पाणगवत आणून लावलं. उन्हाळ्यात पाणी बोटाबोटाने उतरवते आणि पावसाळ्यात भरते, कारण तलाव वर्षभर एका पातळीवर कधीच नसतो. कागदावर दोन्हीकडचं पाणी सारखंच आहे. आई हे सगळं दारात उभी राहून पाहते. एकदा म्हणाली, "तलावात तं म्हशी बसत होत्या. एक म्हैस आणून बसव ना त्याच्यात, म्हणजे झालाच तुह्या बापाचा तलाव." मी हसले नाही. म्हशी बसल्याने गाळ ढवळतो आणि त्यातून पिल्लांचं खाणं वर येतं. हे ती सहज बोलून गेली, आणि माझ्या वहीत ते कुठेच नव्हतं.

माशांनी अंडी तीन वेळा दिली. पहिल्यांदा मी सकाळी पाहिली आणि संध्याकाळी घरी आले तोवर त्यांनीच ती खाल्ली होती. तलावातही खात असतील, पण तिथे गवत इतकं दाट होतं की काही अंडी सापडायचीच नाहीत. माझ्या टाकीत सगळंच सापडतं. दुसऱ्यांदा अंडी गवतासकट वेगळ्या भांड्यात काढली, तर त्यांवर पांढरी बुरशी आली. तिसऱ्यांदा पिल्लं निघाली. पापणीच्या केसाएवढी. चार दिवस जगली. भिंगाखाली पाहिलं तर सगळ्यांची पोटं रिकामी होती. पाणी स्वच्छ राहावं म्हणून मी गाळणी लावली होती, आणि पिल्लांना जे खायला हवं होतं ते तिनेच गाळून टाकलं. काचेच्या टाकीत तलाव किती उतरवता येतो, हे आता मला नीट सांगता येईल. जे मोजता येतं ते जवळजवळ सगळं उतरतं. तेवढ्यावर मोठा मासा जगतो. पिल्लू जगत नाही.

मी तिसरीत असताना लोणच्याच्या रिकाम्या बरणीत एक मासा आणून ठेवला होता. तुम्ही तलावावरून येता, जाळं दोरीवर टाकता आणि बरणीकडे पाहता. आवाज चढवत नाही. "कायले आणलं त्याले?" मी म्हणते, पाहायला. "पाहाले पाहिजे तं तलावावर चाल. तिथं तो तुले पाह्यते, तू त्याले पाह्य. इथं तो कोनाले पाहीन?" मग बरणी माझ्याच हातात देऊन मला काठापर्यंत नेलंत. त्याच दिवशी पहिल्यांदा तो कोपरा दाखवलात. उगवतीला, बेशरमच्या झुडपांच्या पुढे, गवताने भरलेला. सोसायटीचं जाळं तिथे पडायचं नाही. कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण तुम्ही, तुमच्या आधी आजोबा आणि त्यांच्या आधी कोणीतरी ते पाळत आले होते. मी विचारलं, इथे का नाही टाकत? तुम्ही म्हणालात, "ते चिल्लरचं घर आहे." मला ते उत्तर अपुरं वाटलं. पुढे कॉलेजात गेल्यावर ते जास्तच अपुरं वाटू लागलं. मला प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही साकोलीच्या बाजारातून पांढरी एनॅमलची परात आणून दिलीत, पांढऱ्यावर माशाचा रंग नीट दिसतो म्हणून. एवढं ज्यांना कळत होतं त्या तुम्हाला मी कोपऱ्याबद्दल पुन्हा कधीच विचारलं नाही.

ठराव झाला त्या बैठकीबद्दल मी वर लिहिलं नाही. ते आता लिहिते. सोसायटीचे सचिव काका, तुमच्याबरोबर आयुष्यभर जाळं ओढलेले, सगळ्यांसमोर म्हणाले, "तुहा बाबा असता तं त्याले इचारलं असतं. आता आपल्या घरची पोरगी शिकून आली, तूच सांग." तुमची पुण्याई म्हणून त्यांनी मला खुर्ची दिली होती. बाकी सगळे सतरंजीवर. मी वही उघडली. पहाटेच्या वेळी त्या कोपऱ्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो, कारण रात्री गवतही श्वास घेतं. हे खरं होतं, आजही आहे. मोठे मासे वाढवायचे असतील तर गवत काढायला हवं, असं मी म्हणाले. पुस्तकात तसंच आहे. कोणी उलट विचारलं नाही. एक म्हातारे तेवढे म्हणाले, "तिथं आपण कधी हात नाही लावला ना वं." त्यांना मी आकडा दाखवला.

मी सगळं काढा म्हणाले नव्हते. पण किती काढा, हेही म्हणाले नव्हते. बाबा, मी पाण्यातला प्राणवायू दोन दशांश स्थळांपर्यंत मोजते. त्या दिवशी गवताचा आकडा दिला नाही, कारण तो मला माहीत नव्हता, आणि माहीत नाही असं त्या खुर्चीवर बसून म्हणवलं नाही. गावात मला कोणी बोल लावत नाही. मासेच कमी झाले, पाणीच बदललं, असं म्हणतात. मीही हो म्हणते.

परवा काका घरी आले होते. सोमवारी तलावात मोठ्या माशांचं विकतचं बीज सोडणार आहेत. चहा पिता पिता टाकीकडे पाहत म्हणाले, "सोडाचे असतीन तं त्याच्या आदी सोड. मंग गर्दी होईन, त्याइले कोनी पुसनार नाही." तलावाचा तळ आता नुसती कडक माती आहे. अंडी चिकटायला काडी नाही, लपायला जागा नाही. सोडले तर थोड्या दिवसांत संपतील. ठेवले तर एकेक करून टाकीत मरतील आणि मी तारीख लिहीन. दोन नर आहेत, दोन माद्या, असा माझा अंदाज आहे. तुम्ही एका नजरेत सांगितलं असतं.

हे चारही आपल्या तलावाचे शेवटचे असावेत. सोडू की ठेवू, एवढंच विचारायचं आहे. पुस्तकात पाहिलं, त्यात नाही. रविवारी दुपारपर्यंत कळवा.