जागची न हलणारी कात्री

आप्पा,

आज तुमचं एक वाक्य मी परक्या माणसाच्या तोंडून ऐकलं. दुपारपासून या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे. दोनदा चहा ठेवला, दोन्ही वेळा गार झाला. ज्यांना सांगायला हवं त्यांतलं कुणी घरात नाही. आई तुमच्या मागोमाग गेली, आणि इतरांना हे पहिल्यापासून समजावत बसावं लागेल. तेवढा धीर आज माझ्यात नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते.

आम्ही आता इंदिरानगरात राहतो. अर्धे प्लॉट अजून मोकळे आहेत, त्यांत म्हशी चरतात. कोपऱ्यावर एक शिंप्याचं दुकान उघडलं आहे, तिथे मी ब्लाउजपीस घेऊन गेले होते. दुकानदार तिशी ओलांडलेला, गळ्यात टेप, समोर कापड पसरलेलं. तो कापत होता आणि मी बघत राहिले, कारण कात्री पुढे जातच नव्हती. उजवा हात टेबलाच्या कडेशी रोवलेला. कात्री तिथल्या तिथे उघडायची, मिटायची, आणि डाव्या हातानं तो कापड तिच्याकडे ओढायचा. कुठलाही शिंपी असं कापत नाही. कापड स्थिर असतं, कात्री खडूच्या रेघेवरून चालते. कापड ओढलं की सरकतं आणि रेघ चुकते. याची चुकत नव्हती. बाकावर बसलेल्या एका बाईनं टोमणा मारला, "भाऊ, कात्री काय जमिनीत पुरलीय का तुमची?" तो मान वर न करता हसला. म्हणाला, "कापड येतंय ना ताई आपल्याकडं. आपण कशाला जागचं हलायचं?"

आप्पा, मला त्या दुकानात ओरडावंसं वाटलं.

एकदम मी पुन्हा दहा वर्षांची आहे. स्वयंपाकघरात आई स्टोव्हला पंप मारते आहे, मामा पाटावर बसला आहे, आणि तुम्ही दारातून आत येता ते उजव्या हाताला पट्टी बांधून. नाशिकरोडच्या तुरुंगातल्या पोरांच्या बराकीला तुम्ही शिवण शिकवता. त्या दिवशी एकानं दुसऱ्यावर कात्री उगारली आणि तुम्ही मध्ये हात घातला. मामा चिडतो. "दाजी, त्या कार्ट्यांना खडी फोडायला लावा. कात्र्या कसल्या देताय हातात?" तुम्ही डाव्या हातानं पाण्याचा तांब्या घेता. "आन सुटल्यावर काय करील? हितं आपल्या गल्लीत खडी फोडील का?" आई म्हणते, "आधी सवताचा हात बघा, मग दुनिया शिकवा." मी विचारते, "आप्पा, चोरानं मारलं का?" तुम्ही तांब्या खाली ठेवता. आवाज चढवत नाही, तो तुम्ही कधी चढवत नसायचात, पण मला अजून तो राग ऐकू येतो. "चोरी एका रातीत झाली. पोरगा सोळा वर्षांचा हाय. एक रात मोजायची का सोळा वर्षं, तू सांग." माझ्याआधी मामानं सांगितलं, एक रात मोजायची, आणि तो न जेवता निघून गेला.

पुढचं मला आईनं कितीतरी वर्षांनी सांगितलं. त्या मारामारीनंतर तुरुंगाच्या साहेबांनी शिवणखातं बंद करायचं ठरवलं होतं. पोरांना पुन्हा बराकीत बसवायचं, यंत्रं दुसरीकडे द्यायची. तेव्हा साखळीची गोष्ट तुम्हीच काढलीत. प्रत्येक कात्री टेबलाला साखळीनं जखडायची. टेबल राहील, यंत्रं राहतील. मी इतकी वर्षं समजत होते की साखळी वरून आली आणि तुम्ही ती सोसलीत.

मी ती पाहिली पंधरा ऑगस्टला. त्या दिवशी तुरुंगात नोकरी करणाऱ्यांच्या घरच्यांना आतली कामाची जागा बघायला मिळायची. लांबलचक टेबल, तेल घातलेली यंत्रं, आणि कात्र्यांना साखळ्या. साखळी आखूड होती. कात्री टेबलाच्या कडेपासून फार पुढे जात नव्हती, म्हणून पोरं कापड कात्रीकडे ओढत होती. सगळी पोरं एकसारखी, मिसरूड फुटायला आलेली, आणि तुम्ही मधून फिरत म्हणत होता, "कापड येईल तुझ्याकडं. तू जागचा हलू नको." घरी आल्यावर मी तुम्हाला आईचा ब्लाउज बेतताना बघितलं. तुमची कात्री रेघेवरून सरसर चालली होती. मी म्हटलं, "तुम्ही पोरांना उलटं का शिकवता?" तुम्ही तोंडातली टाचणी काढलीत. "टेबल ऱ्हायलं पाह्यजे. उलटं-सुलटं मंग बघू."

मॅट्रिक झाल्यावर मैत्रिणींना पेनं मिळाली. मला तुम्ही तीच घरची कात्री दिलीत. मी रुसले होते. पुढे मी मराठी घेऊन एम.ए. केलं, कॉलेजात शिकवायला लागले, आणि कात्री खोक्यात राहिली.

आता हे सगळं आजच का, ते सांगते. तुरुंगाला भेट देऊन मत कळवणारी एक समिती असते, तिच्यावर बाहेरची चार माणसं घेतात. यंदा त्यांत मी आहे. गेल्या महिन्यात तिथे पुन्हा कात्री चालली. साखळी लांब होती, शेजारच्या पोराचा दंड कापला गेला. लगेच प्रश्न निघाला की पोरांचं शिवणखातं हवंच कशाला. उद्या त्यावर मत द्यायचं आहे. समितीत सटाण्याचे एक कांद्याचे व्यापारी आहेत. त्यांच्या कांदाचाळीवर चोरी झाली तेव्हा सतरा वर्षांच्या एका पोरानं त्यांच्या म्हाताऱ्या राखणदाराचा हात मोडला. ते मला त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "बाई, त्या पोराले शिवण शिकाडीसन काय फायदा शे? मना राखणदारनं काय? त्याले कोणी काय शिकाडं?" मी तावातावानं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांचं म्हणणं मामासारखं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर एक मोडलेला हात होता. माझ्या डोळ्यांसमोर फक्त एक मत होतं.

आज माझ्या डोळ्यांसमोर माणूस होता! शटर, पाटी, दोन यंत्रं, दाराशी गिऱ्हाईक. मी न राहवून विचारलं, "तुम्ही काम कुठं शिकलात?"

त्याचा हात थांबला. मागे त्याची बायको काजं करत बसली होती, तिनं वर पाहिलं. तो म्हणाला, "नाशिकरोडला. एका मास्तरांकडं."

"झालं," ती म्हणाली. "आता दुपार गेली ताई तुमची. मास्तरांचं नाव निघालं की यांचं काम बंद. मी लग्न झाल्यावर म्हटलं, चला पाया पडून येऊ, तर म्हणे गेले. घर कुठं होतं तेबी अजून सांगितलं नाही."

म्हणजे तुम्ही गेल्याचं त्याला ठाऊक आहे. कुठून कळलं असेल? मी विचारलं, "कसे होते मास्तर?"

"कडक." तो कापडावरच्या रेघेकडे बघत होता. "रेघ चुकली की सगळं पुसून परत मारायला लावायचे. हाताला जुनी जखम होती त्यांच्या, बोट नीट वाकायचं नाही. पण आम्हाला कात्री द्यायचे आन पाठ करून उभे ऱ्हायचे. हाताच्या अंतरावर. मुद्दाम."

"आता त्यात काय लय मोठं?" बायको म्हणाली. "मास्तर फळ्याकडं तोंड करणारच."

"हाये मोठं," तो म्हणाला, आणि पुन्हा कापड ओढायला लागला.

हे तुम्ही घरी कधी बोलला नाहीत. साखळी तुम्ही मागून घेतलीत हे आईला माहीत होतं. साखळी पोचते तेवढ्यात पाठ करून उभे राहत होता, हे तिलाही माहीत नसावं, नाहीतर तिनं तुम्हाला त्या स्टोव्हपाशीच सुनावलं असतं. बाकावरची बाई धरून त्या दुकानात चौघं होतो आणि ते वाक्य किती मोठं आहे हे फक्त दोघांना कळत होतं, आणि त्या दोघांतल्या एकाला दुसऱ्याचं माहीत नव्हतं. 'मी त्यांची मुलगी' हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. बायको हसत काजं करत होती. तिला मास्तर माहीत आहेत, तुरुंग माहीत नाही. मी मुलगी म्हटलं असतं तर तिनं घर विचारलं असतं, मग तुरुंगाच्या क्वार्टर्स निघाल्या असत्या, मग भिंत. ते तिला सांगायचं की नाही, हे त्यानं ठरवायचं आहे. त्यानं नाव विचारलं तेव्हा मी सासरचं आडनाव सांगितलं.

तर आप्पा, माझ्याकडे याहून मोठा पुरावा नाही आणि तो मला उद्या नेता येणार नाही. तरी मी बोलणार आहे. शिक्षा नको असं म्हणणार नाही. शिक्षा भिंत करतेच, रोज, कुणी न सांगता. साखळीही करते, इतकी की सुटून इतकी वर्षं झाली तरी ती हातातून जात नाही. मी एवढंच म्हणेन की साखळी आखूड करा, हवी तर दुहेरी करा, पण टेबल ठेवा. आणि पोरांनी शिवलेल्या कपड्यांचे पैसे येतात, त्यातून आधी त्या राखणदाराच्या हाताचं बघा. व्यापाऱ्यांना हे पुरणार नाही. त्यांच्या जागी मलाही पुरलं नसतं. पण या वेळी तोंड उघडून मिटणार नाही.

संध्याकाळी खोक्यातली तुमची कात्री काढली. हात टेबलाच्या कडेला टेकवला, पेपर पसरला, पेन्सिलीनं रेघ मारली आणि त्या पोरांसारखा पेपर कात्रीकडे ओढला. पुन्हा रेघ मारली, पुन्हा ओढला. जमिनीवर सगळ्या चिंध्या झाल्या आहेत. हे पत्र जायचं कुठे नाही, म्हणून तुम्हाला सांगायला हरकत नाही: उद्या मी ज्या कामासाठी भांडणार आहे, ते मला एकदाही सरळ जमलं नाही.