दोन नमस्कार आणि चिकटपट्टी

६ ऑक्टोबर
खुबा बदलला. धातूचा बसवलाय. दोन वर्षांपूर्वी डिलिव्हरीची स्कूटर हात सोडून चालवली होती, त्याचा प्रसाद. डॉक्टर म्हणाले, तीन महिने जमिनीवर बसायचं नाही, वाकायचं नाही. बरं. सतरा तारखेला गावी, जिंजूला बाबांचं पहिलं वर्षश्राद्ध. मी एकुलता एक. आमच्या रीतीप्रमाणे गुडघे टेकून, जमिनीला कपाळ लावून दोन नमस्कार मीच घालणार. आईला फोनवर सांगून टाकलं. अकरा दिवस आहेत. खूप झाले.

८ ऑक्टोबर
दमलो. बेडवरून खुर्चीवर आलो, एवढंच. शेजारच्या बेडवर मा आडनावाचे आजोबा, वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे नवे. विचारतात, "काय रे दोग्यू, आहेस का गेलास?" व्यायामवाल्या नामताई म्हणाल्या, कॉरिडॉरच्या दोन फेऱ्या न थांबता मारल्यास तर एक दिवस घरी सोडू. उद्या चार मारतो.

९ ऑक्टोबर
अर्धी फेरी. सूप पातळ होतं.

१२ ऑक्टोबर, दुपारी ३
आजोबांनी दोन फेऱ्या मारल्या. वर मला म्हणाले, "पोरा, ढकलू का?" नर्सेस खिदळल्या. आजोबा झोपल्यावर त्यांच्या वॉकरच्या चाकाला चिकटपट्टी गुंडाळली. जरा आराम करतील. त्यांच्याच भल्यासाठी.

१४ ऑक्टोबर
आजोबा तीन फेऱ्या. मी अर्धीच. वॉकर जाम अडतोय. नामताईंना तक्रार केली. त्या म्हणाल्या, वॉकर नाही, तू अडतोयस.

१६ ऑक्टोबर
आजोबा म्हणाले, "पट्टी तूच लावलीस. मी फक्त आपले वॉकर अदलाबदल केले." म्हातारा डांबरट आहे! म्हणजे माझ्यात काही कमी नव्हतंच. पट्टी सोलून काढली. आता बघाच.
एक फेरी. मग भिंत धरली.
आईला फोन केला. नामताई सोडत नाहीत म्हणून सांगितलं.

१७ ऑक्टोबर, संध्याकाळी ७
व्हिडिओ कॉल. तिकडे घरी टेबलावर बाबांचा फोटो, नैवेद्याला नाशपाती, मासा. नमस्कार काकांनी घातले. मी वॉकर धरून उभा. फोन आजोबांनी धरला होता, मध्ये एकदाही चेष्टा केली नाही.
शेवटी आई रडत म्हणाली, "बाबांसमोर दहा मिनिटं न हलता उभा राहिलास. जन्मात पहिल्यांदा."
पाय आखडला होता, हे तिला सांगितलं नाही.
आजोबांनी हाताला धरून बसवलं.