दारातून दिसणारा टीव्ही

मंगळवार, आर्णी, दिवेलागण

मायसाठी टीव्ही पाहाले गेलतो. दुकानदारानं दोन लावून दाखवले. एकाचा काळा रंग खरंच काळा, पण बाजूनं पाहिलं की चेहरे फिक्के पडतात. दुसरा समोरून जरा पांढुरका, पण कुठूनही सारखाच दिसते. माय तर दारात बसून तूर निवडते, टीव्ही तिले बाजूनंच दिसणार. म्हणून मी दुकानात पार कोपऱ्यात जाऊन खाली बसलो.

दुकानदार म्हणे, "भाऊ, टीव्ही घेता का पंगतीले बसता?"

तेवढ्यात बाहेर पुण्याची ट्रॅव्हल्स थांबली. तिच्याकडंच पाहत राह्यलो, टीव्ही राहून गेला.

घरी आल्यावर मायले सांगितलं, बाजूनं दिसते तोच घेतो.

"आता कुठं चालला?"

"कुठंच नाही. काहून?"

"पंखा आणला अन् गेला. मिक्सर आणला अन् गेला. आता टीव्ही म्हणते."

मी हसलो. बॅग कालच भरून खाटेखाली ठेवली, तिनं पाहिली असंल काय? नसंल.

पंखा आणला तरी माय दारातच काहून बसते, हे मले कधी समजलं नव्हतं. आज तिच्या जागेवर बसून पाहिलं. तिथून बस स्टँडचा रस्ता दिसते.

आता कोणता टीव्ही घेऊ?