दिघ्यांच्या कुंदाची पहाट

१२ मार्च १९७१, देवास
पहाटे पाचला पुन्हा रियाजाचा आऽऽ सुरू. शेजारच्या दिघ्यांची कुंदा, वय वर्षं तेरा. हाउसिंग बोर्डाच्या भिंती नावाच्याच. त्यांच्या कुकरची शिट्टी ऐकून मी आपला स्टोव्ह बंद करते! आमच्या प्रकाशचा बोर्डाचा पेपर सोमवारी. लाटणं घेऊन भिंतीवर चार ठोके हाणले.

१३ मार्च
आजही ठोके. हे म्हणाले, "अगं, पोर आहे." म्हटलं, पेपर तुम्ही देणार का? कार्टी थांबेना. उलट जोर चढला.

२ जून १९७३
दिघ्यांची बदली, भोपाळ. सामान गेलं. पहाट शांत. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

८ सप्टें. १९८५
कुंदा आता मोठी गायिका. रेडिओ, रेकॉर्डी. लग्न होऊन इंदूरला असते. कॉलनीच्या गणपतीत तिचा सत्कार. मंडळाचा सुधीर आला. "काकू, तिची आई राहिली नाही. ओटी तुम्हीच भरा. माहेरवाशीण आहे आपली, सबकी यही इच्छा है." नाही कसं म्हणू? तिला ठोके आठवत असले तर? चारचौघांत शोभा व्हायची माझी.

२२ सप्टें.
भरली ओटी. तांदूळ सांडले. मग कुंदाबाई माइकवर म्हणाल्या, "मला पहिला ठेका या काकूंनी दिला. स्वतःची झोप मोडून भिंतीपलीकडून लाटण्यानं ताल धरायच्या."
टाळ्या! ह्यांना ठसका लागला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिच्या तोंडाकडे पाहिलं. टवाळी दिसली नाही.

२५ सप्टें.
भाजीवाला म्हणतो, "अम्माजी, आप तो गुरु निकलीं!" ह्यांना म्हटलं, खरं सांगून टाकते तिला.
"आता सांगून तिला काय मिळणार?"
आणि मला?
"चहा टाक," म्हणाले.

१ नोव्हें.
कुंदाचं पत्र. इंदुरात गाण्याचा वर्ग काढतेय, पाडव्याला उद्घाटन. 'काकू, तुमच्याच हातून व्हायला हवं. शेजारच्या पोरीचं गाणं कसं जपावं, ते मुलींच्या आयांना दोन शब्दांत सांगा.'
वाचून रडले. लाज वाटली म्हणून, आणि तिनं बोलावलं म्हणूनही. हे लगेच बसची वेळ विचारून आले. मी कार्ड घेऊन बसलेय. 'चि. कुंदास अ. उ. आशीर्वाद' एवढं लिहून झालं. पुढची ओळ लिहवत नाही.